अणुअभियांत्रिकीचा विभाग निवडण्यापूर्वी त्याच्या सरकारी निधीचा माग कसा काढावा

अणुअभियांत्रिकीत एम.टेक. किंवा पीएच.डी. करू इच्छिणारा विद्यार्थी विभागांची माहिती काढू लागला की त्याला सर्वांत आधी आकडा ऐकवला जातो: अमुक कोटींचे प्रकल्प, तमुक कोटींची प्रयोगशाळा. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून विभागाची प्रकृती कळत नाही. अभियांत्रिकीच्या इतर शाखांतील विभाग उद्योगांकडून येणारी कामे, सल्लागारीचे उत्पन्न आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांच्या बळावर तग धरू शकतात. अणुविज्ञानात इंधन, किरणोत्सारी स्रोत, परवाने आणि पुढची नोकरी या सगळ्याच्या किल्ल्या बहुतांशी शासनाकडे असल्यामुळे निधीची दिशा बदलली की शिकवले जाणारे विषय, संशोधनाचे प्रश्न आणि कधीकधी विभागाचे अस्तित्वही बदलते. म्हणून रक्कम किती, हे विचारून थांबू नये. ती कोणत्या दाराने आली, हिशेबाच्या कोणत्या शीर्षाखाली पडली आणि किती वर्षे सलग येत राहिली, हे पाहावे. ते कसे पाहायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कागद कोणते मिळवावेत

शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्थेने भरलेली माहिती तिच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते, आणि तिच्यात प्रायोजित संशोधनाचा एक तक्ता असतो: मागील तीन वर्षांतील प्रकल्प किती, निधी देणाऱ्या संस्था किती, एकूण रक्कम किती. हा तक्ता चटकन सापडतो, म्हणून सुरुवात तेथून करावी. मात्र तो संपूर्ण संस्थेचा असतो. त्यातले किती पैसे स्थापत्य विभागाचे आणि किती अणुविज्ञानाचे, हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी वार्षिक अहवाल उघडावा. त्यात बहुधा विभागवार प्रकल्पांची यादी, प्रमुख संशोधकाचे नाव, निधी देणारी संस्था आणि कालावधी दिलेला असतो. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे वार्षिक लेखे आणि अर्थसंकल्प अधिसभेसमोर मांडले जातात, त्यामुळे ते गोपनीय नसतात, फक्त कोणी मागत नाही.

एवढ्याने भागले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत दिली आहे. अर्जात मोघम ‘निधीची माहिती’ मागू नये. ठरावीक प्रकल्पांची मंजुरीपत्रे आणि गेल्या पाच वर्षांची उपयोगिता प्रमाणपत्रे (अनुदान कसे खर्च झाले, याचे संस्थेने दिलेले दाखले) यांच्या प्रती मागाव्यात. किरणोत्सारी स्रोत कोठे ठेवले आहेत, कुलुपाची व्यवस्था काय आहे, असले प्रश्न अर्जात घालू नयेत. ते नाकारले जातील, आणि ते नाकारणे योग्यही आहे.

पैसा कोणत्या दाराने आला

येथे थोडा इतिहास माहीत असावा लागतो, नाहीतर भारतीय विद्यापीठांतील अणुविज्ञानाचे आकडे पाहून उगाच निराशा पदरी येते. अणुऊर्जा विभाग ३ ऑगस्ट १९५४ रोजी स्थापन झाला आणि १९५७ मध्ये ट्रॉम्बे येथे त्याची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. अभियांत्रिकीचे पदवीधर आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी निवडायचे, त्यांना वर्षभर विद्यावेतन देऊन अणुभट्टीचे भौतिकशास्त्र, किरणोत्सर्गापासूनचे संरक्षण, इंधनाचे रसायनशास्त्र हे सगळे शिकवायचे आणि मग वैज्ञानिक अधिकारी म्हणून सेवेत घ्यायचे, अशी ही योजना होती. शिकवणारे शास्त्रज्ञ विभागाचे, अणुभट्ट्या विभागाच्या आणि नोकरीही विभागाचीच. डॉ. होमी भाभा यांच्या त्या निर्णयाने देशाला आवश्यक मनुष्यबळ वेळेत मिळाले. पण विद्यापीठांनी स्वतंत्र अणुअभियांत्रिकी विभाग काढण्याची निकड त्याच निर्णयामुळे उरली नाही. आयआयटी कानपूरसारखे मोजके अपवाद सोडले तर हे शिक्षण अणुऊर्जा विभागाच्या कुंपणाआतच वाढले. २००५ मध्ये होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ अणुशक्तीनगर येथे स्थापन झाले, तेव्हा पदव्या देण्याचे कामही त्याच छत्राखाली आले. भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या संस्था तिचे घटक आहेत.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की केंद्र सरकारच्या अणुविषयक खर्चाचा मोठा भाग अणुऊर्जा विभागाच्या स्वतःच्या संस्थांत जातो आणि बाहेरच्या विद्यापीठांपर्यंत तो बारीक प्रवाहांनी पोहोचतो. विद्यापीठाच्या विभागाची तुलना ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राशी करू नये. त्या विभागाला या प्रवाहांपैकी कोणते लागू आहेत आणि ते किती काळ लागू आहेत, हे पाहावे.

त्यांतला पहिला प्रवाह अणुविज्ञान संशोधन मंडळाचा, ज्याला सगळेजण बीआरएनएस म्हणतात. विद्यापीठातील प्राध्यापक प्रस्ताव देतो, तो प्रमुख संशोधक होतो, आणि अणुऊर्जा विभागाच्या एखाद्या संस्थेतील शास्त्रज्ञ प्रमुख सहयोगी म्हणून त्याच्याबरोबर असतो. प्रकल्पाचा कालावधी सहसा तीन वर्षांचा. सहयोगी असण्याची ही अट अनेकांना जाच वाटते, पण तिचा फायदा मोठा आहे: विद्यापीठात नसलेली उपकरणे, नमुन्यांवर किरणोत्सर्ग करण्याची सोय आणि विषय आतून जाणणारा माणूस हे तिन्ही त्याच व्यक्तीमार्फत मिळते. तेव्हा प्रकल्पाच्या नावाबरोबर सहयोगी शास्त्रज्ञ कोण, ते कोणत्या संस्थेत आहेत आणि निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत, हेही विचारावे. सहयोगी निवृत्त झाल्यावर प्रकल्प कागदावर चालू राहतो, पण दार पूर्वीसारखे उघडत नाही.

दुसरा प्रवाह विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) आणि अणुऊर्जा विभाग (डीएई) यांच्या संयुक्त संस्थेचा, म्हणजे यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्चचा आहे. त्याचे मुख्यालय इंदूरला असून मुंबई, कोलकाता आणि कल्पक्कम येथेही त्याचे काम चालते. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या १०० मेगावॅटच्या ध्रुव अणुभट्टीतील न्यूट्रॉन झोत विद्यापीठातील संशोधकांना वापरता यावेत, ही मुंबई केंद्राची मोठी कामगिरी आहे. भारतात विद्यापीठाच्या मालकीची अणुभट्टी नाही. त्यामुळे कोल्हापूर किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला न्यूट्रॉन विवर्तनाचा (न्यूट्रॉनांच्या झोताने पदार्थाची अंतर्रचना पाहण्याचा) प्रयोग करायचा झाला तर हाच रस्ता आहे. या प्रवाहात रोख रक्कम थोडी असते आणि झोतावरचा वेळ मोलाचा असतो. वार्षिक अहवालातील रुपयांच्या रकान्यात हा लाभ दिसत नाही, म्हणून विद्यार्थी तो हिशेबात धरतच नाहीत. विभागाच्या शोधनिबंधांच्या शेवटी असलेला आभाराचा परिच्छेद वाचावा. पाच-सहा निबंधांचे आभार वाचले की विभाग कोणाच्या आधारावर उभा आहे, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट दिसते.

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या केंद्रीय संस्थेचा निधी सर्व शाखांसाठी खुला असल्यामुळे तेथे स्पर्धा मोठी असते; २०२३ च्या कायद्याने आलेल्या या संस्थेने पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची (एसईआरबी) जागा घेतली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात २००७ पासून अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने चालणारे मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र हा वेगळा प्रकार आहे: तेथे विभागाने प्रकल्पापुरता पैसा न देता संपूर्ण केंद्रालाच आधार दिला आहे. असा संस्थात्मक आधार आणि प्रकल्पाचा आधार यांत फरक करायला शिकावे. प्रकल्प संपतो, संस्थेला दिलेले अनुदान, कमी-जास्त झाले तरी, पुढच्या वर्षीही अपेक्षित असते.

उपयोगिता प्रमाणपत्र कसे वाचावे

अनुदान घेणाऱ्या संस्थेने सामान्य वित्तीय नियमांतील नमुना १२-अ प्रमाणे दर आर्थिक वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे असते. कागद एका पानाचा आणि रूक्ष असतो, पण विभागाच्या वर्षाची सगळी कहाणी त्यात असते. मागील वर्षाची अखर्चित शिल्लक, तिच्यावर मिळालेले व्याज, शासनाला परत केलेले व्याज, या वर्षी मिळालेले अनुदान व त्याच्या मंजुरीची तारीख, एकूण उपलब्ध रक्कम, झालेला खर्च आणि अखेरची शिल्लक असे रकाने त्यात ओळीने येतात. त्याशिवाय अनुदान सर्वसाधारण खर्चासाठी, वेतनासाठी की भांडवली मत्ता उभारण्यासाठी होते, याची फोड असते.

आधी मंजुरीची तारीख पाहावी. हप्ता जानेवारी-फेब्रुवारीत मिळाला असेल तर संशोधनासाठी विभागाच्या हाती मार्चअखेरपर्यंतचे काही आठवडेच होते. अशा वर्षी खरेदी घाईची होते, निविदेचे सोपस्कार पुरे होतील अशाच वस्तू घेतल्या जातात, आणि ज्या वस्तूला आयात परवाना किंवा नियामकाची मंजुरी लागते ती मागे पडते. नंतर अखेरची शिल्लक पाहावी. एखाद्या वर्षी मोठी शिल्लक राहणे स्वाभाविक आहे. सलग तीन वर्षे ती वाढतच असेल तर पैसा असूनही तो वापरणारी यंत्रणा नाही, असे समजावे. त्या यंत्रणेत बहुधा लेखाशाखा, खरेदी समिती आणि भरली न गेलेली तांत्रिक पदे यांचा वाटा प्राध्यापकापेक्षा अधिक असतो.

शेवटी भांडवली (उपकरणांसारख्या एकदाच होणाऱ्या) आणि आवर्ती (पुन्हा पुन्हा होणाऱ्या) खर्चाचे प्रमाण पाहावे. यंत्रसामग्रीवर मोठी रक्कम आणि आवर्ती शीर्षाखाली नाममात्र रक्कम, असे चित्र असेल तर ती प्रयोगशाळा उद्घाटनाच्या छायाचित्रात उत्तम दिसेल. चालेल की नाही, ही शंका उरते.

द्रवरूप नायट्रोजनचे बिल

गॅमा किरणांची ऊर्जा अचूक मोजण्यासाठी एचपीजीई डिटेक्टर वापरतात. त्यातील अतिशुद्ध जर्मेनियमचा स्फटिक काम करताना द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला ठेवावा लागतो आणि त्यासाठी डिटेक्टरखालचे साधारण ३० लिटरचे भांडे आठवड्यातून एकदा भरावे लागते. विजेवर चालणारी शीतकरण यंत्रणाही मिळते, पण ती महाग असते आणि विजेच्या लपंडावाला तोंड द्यायला तिला वेगळी सोय लागते. हा डिटेक्टर भांडवली निधीतून येतो. नायट्रोजन आवर्ती खर्चातून येतो. प्रकल्पाची तीन वर्षे संपली, आवर्ती शीर्ष बंद झाले, की पुरवठादाराचे बिल कोणी द्यायचे, हा प्रश्न उभा राहतो. विभागप्रमुखाने आकस्मिक खर्चातून काही महिने निभावले तरी पुढे भरणा थांबतो, स्फटिक खोलीच्या तापमानाला येतो आणि लाखो रुपयांचे उपकरण डेडस्टॉक रजिस्टरातील एक नोंद होऊन राहते.

म्हणून प्रयोगशाळा पाहायला गेल्यावर उपकरणांची किंमत विचारू नये. डिटेक्टरचा मागील भरणा कधी झाला आणि त्याचे पैसे कोणत्या शीर्षातून गेले, हे विचारावे. वार्षिक देखभाल करार चालू आहे का, विभागाला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे का, आणि टीएलडी बॅज (अंगावर लावायचे, माणसाला मिळालेला किरणोत्सर्ग मोजणारे बिल्ले) दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात का, हेही विचारावे. ही तिन्ही कामे संशोधनाच्या बातम्यांत कधी येत नाहीत, आणि तिन्हींना दरवर्षी पैसे लागतात.

देखभालीच्या निधीकडे दुर्लक्ष झाल्यास पुढे काय होऊ शकते, याचे उदाहरण दिल्लीत घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरणोत्सर्जक उपकरण १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले आणि एप्रिलमध्ये तेथील कामगार आजारी पडू लागल्यावर प्रकार उघडकीस आला. एकाचा मृत्यू झाला, अनेकांना किरणोत्सर्गाची इजा झाली. उपकरण घेताना निधी होता, वापरताना होता. वापर संपल्यावर स्रोत परत पाठवण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही शीर्षाखाली कोणाच्या नावावर उरली नव्हती, असे या घटनेकडे पाहताना मला वाटते. आता स्रोत घेतानाच तो पुढे परत कोठे जाणार, हे अणुऊर्जा नियामक मंडळाला दाखवावे लागते. विद्यार्थ्याने तरीही विभागातील जुन्या, न वापरल्या जाणाऱ्या स्रोतांबद्दल विचारावे. उत्तर देणाऱ्याची चाचपड किंवा सहजता पुरेसे काही सांगून जाते.

दहा वर्षांचा आलेख का पाहावा

निधीचा ओघ तुटला तर विद्यापीठांवर काय परिणाम होतो, हे अमेरिकेत स्पष्ट दिसले, कारण तेथे भारताच्या उलट विद्यापीठांच्या आवारातच अणुभट्ट्या उभ्या राहिल्या होत्या. नॉर्थ कॅरोलायना स्टेट कॉलेजने १९५० मध्ये अभ्यासक्रम सुरू केला आणि १९५३ मध्ये तेथे विद्यापीठातील पहिली अणुभट्टी चालू झाली. पुढच्या दोन दशकांत अशा डझनावारी अणुभट्ट्या झाल्या. १९९० च्या दशकात मात्र अमेरिकी सरकारच्या ऊर्जा विभागाचा अणुऊर्जा संशोधनाचा निधी आटत गेला आणि १९९८ च्या आर्थिक वर्षात तो शून्यावर आला. अणुअभियांत्रिकीच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांची संख्या त्याच दशकात सुमारे दीड हजारांवरून पाचशेच्या आसपास घसरली. व्हर्जिनिया विद्यापीठाची अणुभट्टी १९९८ मध्ये, कॉर्नेलची २००२ मध्ये आणि मिशिगन विद्यापीठाची फोर्ड अणुभट्टी २००३ मध्ये बंद झाली. घसरणीला केवळ निधी कारणीभूत नव्हता. नवी वीजकेंद्रे उभारलीच जात नव्हती, त्यामुळे नोकऱ्यांची आशा नव्हती. पण विद्यार्थी परत येऊ लागले तेव्हा बंद झालेल्या अणुभट्ट्या काही परत आल्या नाहीत.

याच इतिहासातील आणखी एक प्रसंग निधीचा अभ्यास करणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. विद्यार्थिसंख्या सावरल्यावर, २००७ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात, अमेरिकी प्रशासनाने विद्यापीठांना मदत करणारी स्वतंत्र योजना बंद करण्याचे सुचवले. संख्यावाढीचे उद्दिष्ट गाठले गेले आहे, असे कारण दिले. ज्या योजनेमुळे संख्या वाढली तिचे यशच तिच्या मुळावर आले. पुढे २००९ पासून ऊर्जा विभागाने विद्यापीठांसाठी नवा कार्यक्रम सुरू केला आणि अणुऊर्जा संशोधनाच्या निधीतील २० टक्क्यांपर्यंत वाटा विद्यापीठांकडे वळवण्याचे धोरण घेतले. रक्कम दरवर्षी कमीजास्त होते, पण वाटा ठरलेला असल्यामुळे विभागांना प्राध्यापक नेमण्याचे धाडस करता येते. प्राध्यापकाची नेमणूक तीस वर्षांची असते. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या भरवशावर ती कोणी करत नाही.

विभागाची तपासणी करताना म्हणूनच गेल्या एका वर्षाची भरभराट पाहून भुलू नये. दहा वर्षांच्या अहवालांतून प्रकल्पांची यादी उतरवून घ्यावी आणि त्याच काळात कायम प्राध्यापकांची संख्या वाढली, टिकली की घटली, हे शेजारी लिहावे. प्रकल्प वाढत असताना कायम पदे रिकामी होत असतील, तर शिकवण्याचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर आणि संशोधक विद्यार्थ्यांवर पडलेला असतो.

नव्या घोषणांचे काय करावे

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी २०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. लहान आकाराच्या मॉड्युलर (कारखान्यात तयार केलेले भाग जोडून उभारता येणाऱ्या) अणुभट्ट्यांवर संशोधन व विकास करून २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच अणुभट्ट्या कार्यान्वित करायच्या आणि २०४७ पर्यंत अणुऊर्जेची क्षमता १०० गिगावॅटपर्यंत न्यायची, असे लक्ष्य आहे. प्रवेशाच्या जाहिरातींत या आकड्यांचा आधार घेतला जातो. त्यावर एकच प्रतिप्रश्न करावा: या रकमेतून आपल्या विभागाच्या नावाने काही मंजूर झाले आहे काय, आणि झाले असल्यास मंजुरीपत्राची तारीख कोणती? संकल्पन आणि उभारणीचा खर्च विद्यापीठाच्या खात्यात येत नाही. औष्णिक द्रवगतिकी, पदार्थविज्ञान, नियंत्रण प्रणाली, सुरक्षा विश्लेषण अशा विषयांत काही काम येऊ शकते, आणि त्या विषयांत आधीपासून माणसे असलेल्या विभागालाच ते मिळण्याची शक्यता अधिक.

एक मुद्दा निधीच्या हिशेबात बसत नाही, पण टाळूही नये. संशोधनाचा बहुतेक पैसा अणुऊर्जा विभागासारख्या एकाच सरकारी खात्याकडून येत असेल तर त्या खात्याला अवघड वाटणारे प्रश्न विद्यापीठात फारसे विचारले जात नाहीत; कोणी मनाई करत नाही, फक्त तसे प्रस्ताव लिहिले जात नाहीत. जैतापूर येथे प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प योजल्यापासून रत्नागिरी जिल्ह्यात जो वाद चालला, त्यात दोन्ही बाजूंना विश्वासार्ह वाटेल असा स्वतंत्र विद्यापीठीय तज्ज्ञ मिळणे किती कठीण आहे, हे दिसून आले. ज्याला अणुऊर्जेचे अर्थकारण, सार्वजनिक धोरण किंवा सुरक्षेचे समीक्षण यांत काम करायचे आहे, त्याने निधीचे स्रोत विविध असलेला विभाग शोधावा, मग तो अभियांत्रिकीचा नसला तरी चालेल.

अर्ज करण्याआधीची शेवटची चौकशी

पीएच.डी.ला पाच वर्षे लागतात आणि प्रकल्प तीन वर्षांचा असतो. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार कनिष्ठ संशोधकाला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ संशोधक म्हणून ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, अशी फेलोशिप असते. पण ती प्रकल्पातून असेल तर प्रकल्पाबरोबरच संपते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधक फेलोशिप (नेट-जेआरएफ) मिळवलेल्या विद्यार्थ्याची फेलोशिप त्याच्या स्वतःच्या नावावर असते, प्रकल्प संपला तरी ती चालू राहते, आणि गाईड बदलण्याची वेळ आली तर ती त्याच्याबरोबर जाते. दोन्ही पर्याय हाती असतील तर रक्कम सारखी असली तरी दुसराच घ्यावा.

भावी गाईडला पत्र लिहून प्रकल्प कोणत्या महिन्यात संपतो, मुदतवाढीचा किंवा नव्या प्रस्तावाचा अर्ज गेला आहे का आणि मधल्या काळात विद्यापीठाची स्वतःची फेलोशिप मिळू शकते का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगल्या गाईडला या प्रश्नांचा राग येत नाही. त्यानंतर विभागात जाऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्यांना भेटावे आणि खात्यात शेवटची जमा झालेली फेलोशिप कोणत्या महिन्याची होती, हे त्यांना विचारावे.